नागपूर ते मुंबई: अंतर किती, विमानाला वेळ किती? गावाकडून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी आमचं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, रेल्वेचं रिझर्वेशन आणि आता विमानाची तिकिटंही आमच्याकडून निघतात. तिकीट काढताना लोक जे विचारतात तेच इथे लिहिलं आहे, त्यांच्याच शब्दांत. शेजारच्या जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी थोडी भर घातली आहे.

नागपूर ते मुंबई अंतर नेमकं किती? कोणी सातशे सांगतो, कोणी साडेआठशे.

दोघांचंही बरोबर असतं, फक्त मोजायची वाट वेगळी. नागपूरच्या सोनेगाव विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत सरळ हवाई अंतर सुमारे ६८५ किलोमीटर आहे. रेल्वेनं वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ करत गेलं तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत ८३७ किलोमीटर भरतं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, पण तो ठाणे जिल्ह्यात भिवंडीजवळच्या आमणे इथे संपतो. तिथून मुंबईत शिरायचं अंतर वेगळं, आणि तिथली गर्दी त्याहून वेगळी. अमरावती-धुळ्याच्या जुन्या रस्त्यानं गेलात तर आठशेच्या वरच धरा.

गंमत म्हणजे नकाशावर या दोन विमानतळांमध्ये पट्टी ठेवली, तर रेघ जवळजवळ धामणगाव रेल्वेवरून आणि कारंजा लाडच्या अंगानं जाते. म्हणजे ज्या पट्ट्यातून समृद्धी गेला, साधारण त्याच्याच डोक्यावरून.

विमानाला वेळ किती लागतो?

तिकिटावर साधारण दीड तास लिहिलेला असतो. कंपनी आणि वेळेप्रमाणे दहा-पंधरा मिनिटं इकडे-तिकडे. प्रत्यक्ष हवेत विमान सव्वा तासाच्या आसपास असतं, कधी त्याहूनही कमी.

विमान ताशी आठशे किलोमीटर पळतं म्हणता, मग ६८५ किलोमीटरला दीड तास कसा लागतो?

हा प्रश्न बहुतेक बारावी सायन्सवाली पोरं विचारतात, आणि बरोबरच विचारतात.

पहिलं कारण म्हणजे तिकिटावरचा वेळ हा उडण्यापासून उतरण्यापर्यंतचा नसतो. नागपुरात विमान आपल्या जागेवरून हलतं तिथून तो सुरू होतो आणि मुंबईत जाग्यावर लागून थांबतं तिथे संपतो. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, उतरल्यावर पुन्हा रांगत जाणं, हे सगळं त्यातच मोजलेलं असतं.

दुसरं म्हणजे आठशेचा वेग पूर्ण उंचीवर गेल्यावरचा. चढायला वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि उतरायला तेवढीच. या मार्गावर सपाट उडणं उरतं जेमतेम अर्धा तास. बेल्ट काढा म्हणून सांगतात, चहाची गाडी निम्म्या विमानापर्यंत जाते, तेवढ्यात पुन्हा बेल्ट लावा.

तिसरं कारण मुंबई. तिथे धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकीवरूनच काम चालतं. दिवसाला नऊशेच्या आसपास विमानं त्या एका वाटेनं चढतात-उतरतात. गर्दी झाली की विमानाला वरच घिरट्या घालायला लावतात. कंपन्यांना हे माहीत असतं, म्हणून त्या वेळापत्रकात आधीच चार मिनिटं राखून ठेवतात. नागपुरातून उशिरा सुटलेलं विमान कधीकधी मुंबईत वेळेवर पोहोचतं, ते यामुळेच.

जाताना आणि येताना वेळ वेगळा का दाखवतात?

वाऱ्यामुळे. हिवाळ्यात विमान उडतं त्या उंचीवर आपल्या भागात पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. मुंबईला जाताना तो तोंडावर येतो, येताना पाठीशी. म्हणून थंडीच्या दिवसांत परतीचं विमान पाच-दहा मिनिटं लवकर येतं. पावसाळ्यात इतक्या उंचीवरचा वारा उलटतो, पूर्वेकडून वाहतो. खाली शेतात नैर्ऋत्येचा वारा आणि वर त्याच्या उलट. तरी पावसाळ्यात मुंबईकडे जाताना वेळ वाचेल या भरवशावर राहू नका. वाऱ्यानं दिलेली मिनिटं मुंबईवरचे ढग परत घेतात.

हे सगळं ठीक, पण आमच्या गावाहून मुंबईला एकूण किती तास?

खरा प्रश्न हाच. विमानाचा दीड तास सगळीकडे लिहिलेला असतो, बाकीचे तास कुणी लिहीत नाही.

आर्णी तालुक्यातलं गाव धरू. घरून यवतमाळला पोहोचायला फाट्यावरची वाट पाहण्यासकट सव्वा तास. यवतमाळ ते नागपूर दीडशे किलोमीटर, एसटीला साडेतीन तास. विमानतळावर दोन तास आधी हजर. विमानाचा दीड तास. उतरून सामान घेऊन बाहेर यायला अर्धा तास. अंधेरीहून पुढे परळ किंवा ठाणे गाठायला सव्वा तास. झाले दहा तास. त्यात उडणं दीड तासाचं, बाकी साडेआठ तास एसटी, रांग आणि रिक्षा.

रेल्वेचा हिशेब मांडा. आर्णीहून धामणगावला अडीच तास, स्टेशनवर तासभर, आणि संध्याकाळच्या विदर्भ एक्स्प्रेसनं दादरला सकाळी. गाडीचे साधारण बारा तास. बेरीज पंधरा-सोळा होते, पण त्यातली रात्र झोपेत जाते आणि दिवस कामाला मोकळा मिळतो. कन्फर्म बर्थ असेल आणि घाई नसेल तर धामणगाव, पुलगाव, बडनेरा, मूर्तिजापूर या पट्ट्यातल्या माणसानं नागपूरला उलटं जाऊन विमान धरण्यात मला तरी फारसा अर्थ दिसत नाही. भंडारा, उमरेड, हिंगणघाट किंवा बुटीबोरीकडच्यांचं वेगळं. त्यांना विमानतळ जवळ आहे, त्यांचा अर्धा दिवस खरोखर वाचतो.

अमरावतीहून विमान सुरू झालं ना? मग नागपूरला कशाला जायचं?

झालं. बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची सेवा सुरू झाली, उडान योजनेतून. विमान एटीआर ७२ जातीचं, पंख्याचं, सत्तर-बहात्तर आसनांचं.

लोकांना चकित करणारी गोष्ट अशी की अमरावती ते मुंबई हवाई अंतर नागपूरपेक्षा जवळजवळ दीडशे किलोमीटरनं कमी, सुमारे ५४० किलोमीटर. तरी वेळ जास्त, पावणेदोन तासांच्या आसपास. पंख्याचं विमान ताशी पाचशेच्या बेतानं जातं आणि जेटपेक्षा बरंच खालून उडतं. पण दर्यापूर, चांदूरबाजार, अचलपूर, नेर, दारव्हा इथल्या माणसाला या पंधरा-वीस मिनिटांचं काय? त्याचा नागपूरचा फेरा वाचतो.

अडचण दिवसांची आहे. सुरुवातच आठवड्यातून तीनच दिवस विमान अशी झाली होती. त्यामुळे जायचं तिकीट काढताना परतीचा दिवस आधी बघा. जाणं अमरावतीहून आणि येणं नागपूरला, असंही जमतं. फक्त मोटारसायकल बेलोऱ्याला लावून जाऊ नका.

अकोला, यवतमाळ, गोंदिया इथूनही विमानतळ आहेत म्हणतात.

अकोल्याचं शिवणी आणि यवतमाळची धावपट्टी आहे, पण मुंबईचं तिकीट तिथून निघत नाही. गोंदियाजवळ बिरसीला वैमानिक घडवणारी संस्था आहे आणि डिसेंबर २०२३ पासून तिथून हैदराबादची प्रवासी सेवा सुरू झाली. मुंबईसाठी गोंदियावाल्याला नागपूरच सोपं, रेल्वेनं १३० किलोमीटर.

बुलढाण्यातल्यांनी छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा विमानतळ बघावं. नागपूरच्या निम्म्याहूनही कमी अंतर पडतं. आणि सिरोंच्याच्या माणसाला नागपूरपेक्षा हैदराबाद जवळ. राज्य आपलं असलं तरी किलोमीटर ऐकत नाहीत.

एसटीनं विमानतळावर कसं जायचं? गणेशपेठच्या मुख्य एसटी स्टँडला उतरून परत यायचं काय?

यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, वणीकडून येत असाल तर मुळीच नाही. या सगळ्या गाड्या बुटीबोरीवरून वर्धा रोडनं शहरात शिरतात आणि विमानतळ याच रस्त्याला लागून आहे. गणेशपेठपर्यंत गेलात तर शहराची गर्दी पार करून तेवढंच उलटं यावं लागतं. तिकीट काढतानाच कंडक्टरला सांगून ठेवा, "साहेब, विमानतळाजवळ उतरायचं आहे, सामान आहे." खापरी मागे पडली की उठून दाराशी या. गाडी तिथे थांबतच नाही म्हणाले तर खापरीला उतरून मेट्रो धरा. ऑरेंज लाइनवर एअरपोर्ट नावाचं स्टेशन आहे. पण स्टेशन म्हणजे विमानतळाचं दार नव्हे. तिथून आत जायला रिक्षा लागते, उन्हाळ्यात सामान घेऊन चालायचा विचारही करू नका.

गडचिरोली, ब्रह्मपुरीकडच्या गाड्या उमरेड रोडनं येतात, अमरावतीच्या वाडीकडून, भंडाऱ्याच्या पूर्वेकडून. त्यांना शहरातून रिक्षा करावीच लागेल. त्यासाठी पाऊण तास जास्तीचा ठेवा.

एसटीत महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत आहे, ते विसरू नका. विमानात असं अर्धं किंवा मोफत तिकीट मिळत नाही.

कोणत्या वेळचं विमान घ्यावं?

दुपारचं, मिळालं तर. सकाळचं विमान नोकरदारांसाठी असतं. सहा-सातच्या विमानासाठी गावातल्या माणसाला आदल्या रात्री नागपुरात मुक्काम पडतो, तो खर्च तिकिटात दिसत नाही. येताना उलटं. रात्री दहा-अकराला नागपुरात उतरलात तर गावाकडची एसटी केव्हाच गेलेली असते. पाहुणे नागपुरात नसतील तर रात्रीचं स्वस्त तिकीट महागच पडतं.

विमान सुटण्याची वेळ दहाची असेल तर पावणेदहाला पोहोचलं तर चालतं काय?

नाही हो. बहुतेक कंपन्यांचं सामानाचं काउंटर तासभर आधी बंद होतं आणि गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी. दहा ही विमान जाग्यावरून हलण्याची वेळ. इथे हात दाखवला म्हणून कोणी थांबवत नाही.

तिकिटावर नाव कसं लिहायचं?

आधारवर आहे तसंच. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव सातबाऱ्यावर एक, आधारवर दुसरं आणि घरात तिसरंच. आधारवर आडनाव आधी असेल तर कोणता शब्द आडनावाच्या चौकटीत टाकायचा ते नीट बघा. बाईंचं आधार माहेरच्या नावाचं आणि तिकीट सासरच्या नावाचं निघालं तर दारावरच अडवतात. मतदार ओळखपत्र किंवा ड्रायव्हिंग लायसन्सही चालतं, मात्र नाव त्याच्याशी जुळलं पाहिजे. आमच्याकडे तिकीट सांगायला फोन करता तेव्हा तोंडी नाव सांगू नका, आधारचा फोटो पाठवा.

मुंबईत विमान कुठे उतरतं? आता दोन विमानतळ झाले म्हणे.

हो. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झाली. तिकिटावर "मुंबई" एवढंच वाचून थांबू नका, तीन अक्षरांचा कोड बघा. बीओएम म्हणजे अंधेरी-सांताक्रूझकडचं जुनं, एनएमआय म्हणजे पनवेल-उलव्याकडचं नवं. पनवेल, वाशी, खारघरला पोरगा राहत असेल तर नवं सोयीचं. बोरिवलीला जायचं असेल तर जुनंच बरं. जुन्यातही टर्मिनल दोन आहेत. येताना चुकीच्या टर्मिनलवर गेलात तर रिक्षाची धावपळ होते.

टाटा हॉस्पिटलला पेशंट न्यायचा आहे. विमान बरं की रेल्वे?

पेशंट बसू शकत नसेल, वेदना असतील, तर विमान. व्हीलचेअरचे वेगळे पैसे लागत नाहीत, पण तिकिटासोबतच किंवा दोन दिवस आधी सांगावी लागते. ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा ऑक्सिजन लागत असेल तर कंपनी डॉक्टरांचा दाखला मागते. तो आधी घ्या, विमानतळावर गेल्यावर धावाधाव नको.

पेशंट झोपून जाऊ शकत असेल तर रेल्वेचा विचार जरूर करा. टाटा परळला आहे आणि दादर स्टेशन तिथून दोन-तीन किलोमीटरवर. विमानतळाहून परळ पंधराएक किलोमीटर पडतं आणि ते मुंबईच्या गर्दीतून. शिवाय उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला त्याच वर्गांत ७५ टक्के सवलत. त्यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात हॉस्पिटलचं सर्टिफिकेट लागतं. महिन्यातून एकदा केमोला जाणाऱ्या घरासाठी ही रक्कम लहान नसते.

सोबत काय नेता येतं? लोणचं, तिखट, संत्री?

बहुतेक कंपन्यांच्या साध्या तिकिटावर १५ किलो सामान काउंटरवर देता येतं आणि ७ किलोची एक बॅग हातात.

संत्री, तुरीची डाळ, सांडगे, कुरडया, जवसाचे लाडू कशातही न्या. लाल तिखट आणि लोणचं मात्र हातातल्या बॅगेत ठेवू नका. तपासणीच्या पट्ट्यावर बॅग थांबते, शिपाई चेन उघडून साडीच्या घडीत गुंडाळलेली बरणी बाहेर काढतो, फडकं सोडतो, आणि आईनं वर्षभरासाठी घातलेला आंबा तिथल्याच टोपल्यात जातो. हे दृश्य उन्हाळ्यात हमखास दिसतं. बरणी प्लास्टिकची घ्या, झाकणाला टेप मारा आणि काउंटरवर द्यायच्या मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवा. सुकं खोबरं कोणत्याच बॅगेत नेऊ नका, तेलामुळे ते पेट घेणारं समजतात.

अडकित्ता, विळी, चाकू मोठ्या बॅगेत. काडेपेटी आणि लायटर घरीच ठेवा. पॉवर बँक उलट हातातच ठेवायची, मोठ्या बॅगेत नाही. फवारणीचं औषध कुठेच चालत नाही, डबी कितीही छोटी असो. आणि खर्रा? राज्यात सुगंधित तंबाखूवर बंदी आहे, हे एक. दुसरं, दीड तास थुंकायला जागा नाही.

तिकीट कधी महाग होतं?

दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या तर सगळ्यांना माहीत आहेत. आपल्याकडचा खास हंगाम म्हणजे डिसेंबरातलं हिवाळी अधिवेशन. १९५३ च्या नागपूर करारापासून ठरलेलं आहे की सरकारनं काही काळ नागपुरात बसायचं. अधिवेशन आलं की मंत्री, अधिकारी, पत्रकार, सगळे याच विमानांत. सोमवारी सकाळी मुंबईहून नागपूर आणि शुक्रवारी संध्याकाळी नागपूरहून मुंबई, ही तिकिटं त्या दिवसांत बघूच नका. उलट्या दिशेचं कधीकधी बरं मिळतं.

पावसात विमान उशिरा झालं किंवा रद्द झालं तर?

रद्द झालं तर पूर्ण पैसे परत किंवा दुसऱ्या विमानात जागा, निवड तुमची. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर चहा-नाश्ता देणं कंपनीचं काम आहे, काउंटरवर मागा. हवामानामुळे खोळंबा असेल तर वेगळी भरपाई मिळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कोर्टाची तारीख, मुलाखत किंवा परदेशचं पुढचं विमान असेल तर त्याच दिवशी पोहोचायचा बेत ठेवू नका.

रात्रीची ट्रॅव्हल्स समृद्धीनं जाते, ती विमानापेक्षा परवडते ना?

परवडते. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा उघडल्यापासून सगळा रस्ता सलग झाला आहे. नागपूर ते आमणे आठ तासांत होतं असं सांगतात, ते कारचं. बसला जास्त धरा. पण १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली, हे आपल्या भागात कोणी विसरलेलं नाही. बसताना मागचं संकटकालीन दार उघडतं का ते बघा, दुसरा ड्रायव्हर आहे का विचारा. विचारल्याचा राग आला तर त्या गाडीत बसू नका.

पुण्याचं काय? आमची पोरं तर सगळी पुण्याला.

नागपूर-पुणे हवाई अंतर सुमारे ६०५ किलोमीटर, तिकिटावरचा वेळ मुंबईइतकाच किंवा थोडा कमी. विमानतळ लोहगावला. हिंजवडीला राहणाऱ्या पोरानं सांगितलं की "मी घ्यायला येतो", तर त्याला दीड तास आधी निघायला सांगा.

नागपूरचा विमानतळ एवढा महत्त्वाचा का म्हणतात?

देशाच्या मधोमध असल्यामुळे. ३० जानेवारी १९४९ ला रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री सोनेगावला जमायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत ज्याची ती परत. ही सेवा १९७३ पर्यंत चालली. आजही नागपूरहून दिल्ली सुमारे ८५० किलोमीटर, चेन्नई ९०५, कोलकाता ९८५. कोणत्याच टोकाला दोन-सव्वादोन तासांहून फार जास्त लागत नाही.

खिडकी कोणत्या बाजूची मागू?

दिवसाचं विमान आणि आभाळ मोकळं असेल तर जाताना डावीकडची. सरळ वाट लोणारच्या तीसेक किलोमीटर उत्तरेकडून जाते. निघाल्यावर साधारण अर्ध्या तासानं खाली डावीकडे नजर ठेवा. पावणेदोन किलोमीटर रुंदीचं ते गोल विवर वरून ओळखू येतं. वैमानिकाला त्या दिवशी दुसरी वाट दिली असेल तर नाही दिसणार. मुंबईत विमान बहुधा पूर्वेकडून, घाटकोपरवरून उतरतं. तेव्हा उजवीकडच्याला पवई तलाव दिसतो आणि डावीकडच्याला कुर्ल्याची छपरं. पहिल्यांदा जाणाऱ्यांची खिडकीवरून भांडणं होतात, म्हणून दोघं असाल तर जाताना एकानं आणि येताना दुसऱ्यानं बसा. येताना मात्र लोणार उजव्या हाताला येईल.